कोंडी फोडणारा

जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला असता बर्फावरील हॉकीविषयी लिहावयास बसणे हा उन्हाचाच परिणाम, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. खानदेशात बर्फ ठाऊक तो गोळ्याच्या गाडीवरचा. परंतु त्या परक्या खेळात आम्हांस जे सर्वांत अधिक भावते, त्याला नाव मात्र आमच्या आट्यापाट्यांनीच दिलेले आहे. सूर आणि पाटीवरचा गडी मिळून एखाद्याला चौकात अडकवतात, ती कोंडी. आणि हुलकावणी देऊन तो निसटतो, ते कोंडी फोडणे.

बर्फावर ही कोंडी आपल्याच गोलामागे पडते. रबरी चकती मागच्या कठड्याशी गेलेली असते; बचावाचा गडी ती घ्यावयास पाठमोरा जातो आणि प्रतिपक्षाचा एखादा दांडगा त्याच्या पाठीवर चालून येत असतो. चकती हाती लागण्यापूर्वीच खांद्यावरून एकवार मागे पाहून घ्यावे, यात निम्मी विद्या आली. पुढचे मार्ग मोजके. गोलामागून जोडीदाराकडे द्यावी, कठड्यालगत थांबलेल्या कडेच्या गड्याकडे द्यावी, किंवा खाली उतरून वळण घेत येणाऱ्या मधल्या गड्याकडे. आमच्या मते हा तिसरा मार्ग सर्वांत सुंदर. कारण चकती मिळते तेव्हा तो आधीच वेगात असतो. उभ्या माणसाला दिलेली चकती म्हणजे पुष्कळदा नवी कोंडीच. साधली तर काही क्षणांत साठ मीटरांचे मैदान पालथे पडते. चुकली तर गोल आपल्यावरच.

पूर्वी आपल्या क्षेत्रातून थेट मध्यरेषेपलीकडे चकती देण्यास मनाई होती. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती १९९८ मध्ये उठली, उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक संघांत २००५ मध्ये. योगायोग असा की, हिरवळीवरच्या हॉकीतूनही ऑफसाइडचा नियम १९९८ मध्येच कायमचा गेला. त्याच वर्षी डिसेंबरात बँकॉकला खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळवले. बचावातून सुटलेला चेंडू घेऊन वाऱ्यासारखे पुढे जाणारे धनराज महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे अजून आहेत. आणि ते योग्यच आहे.

तक्रार आहे ती निराळीच. बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याबरोबर त्याच्या आधीच्या दोघांपर्यंत श्रेय नोंदतात. आमच्या मैदानांवरील हिशेबापेक्षा हे औदार्य मोठेच! तरीही कोंडी फोडणारा पुष्कळदा तिसरा नाही तर चौथा असतो, आणि वहीत त्याला जागा नसते. गोल होतो तेव्हा तो बराच मागे असतो. चौघे सोबती पुढे एकमेकांच्या गळ्यांत पडलेले असतात, आणि हा काठी बर्फावर टेकवीत, घसरत घसरत, सर्वांच्या शेवटी तेथे पोहोचतो.