चुन्याच्या भिंतींचे गाव

'आराम' हा शब्द तुमच्या उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. दिवसभर राबून आलेला माणूस दोन्ही भाषांत आरामच करतो. पण आरामासाठी कोणी समुद्रापार जावे आणि तेथे भाषेचा धडा शिकून यावे, असे क्वचितच घडते. माझ्या बाबतीत ते घडले.

माझे मामू रत्नागिरी जिल्ह्यातले. तरुणपणी ते इंग्लंडला गेले आणि चाळीस वर्षे तेथील एका कारखान्यात त्यांनी काम केले. त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला. मे २०२३ मध्ये मुमानींनी स्पेनमधल्या एका गावी चार दिवसांची सहल ठरवली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडेच होतो. त्यामुळे मलाही सोबत नेले.

त्या गावाचे नाव फ्रिखिलियाना. स्पेनच्या दक्षिणेला, मालागा प्रांतात, भूमध्य समुद्रापासून थोड्याच अंतरावर ते डोंगरउतारावर वसले आहे. किनाऱ्यावरचे नेर्खा हे गाव तेथून सुमारे सहा किलोमीटरवर आहे. घरे पांढरीशुभ्र, चुना लावलेली. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसे बाजूबाजूने जेमतेम चालतील. ही रचना केवळ शोभेसाठी नाही. पांढरी भिंत ऊन परतवते, जाड भिंत उष्णता अडवते आणि अरुंद गल्लीत सावली टिकते. आपल्या कोकणातल्या घरांना पावसाची काळजी, तर तेथील घरांना उन्हाची!

आमचे हॉटेल एका जुन्या घरात होते. अंगणात निळ्या पाण्याचा लहानसा तलाव, कठड्यावर बोगनवेल, समोर दूरवर चमकणारा समुद्र. सकाळी पाव, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल आणि ताजा संत्र्याचा रस मिळे. एका रात्रीचे भाडे ऐकून माझा जीव दडपला. "हा इसराफ तर नाही ना?" असे मी मुमानींना हळूच विचारले. त्या म्हणाल्या, "बाळा, ज्याने चाळीस वर्षांत एकदाही सुट्टी अशी घेतली नाही, त्याने चार दिवस बसावे, हा इसराफ कसा?" मी गप्प झालो.

पण मामूंना बसवत नव्हते. खुर्चीत टेकले की पाच मिनिटांत उठून ते गावात फिरायला निघत. मीही त्यांच्याबरोबर जाई. जुन्या वस्तीतून चालताना भिंतींवर चिनी मातीच्या फरशांचे बारा फलक दिसतात. त्यांवर या गावाची कहाणी लिहिलेली आहे. ती तुम्हांला सांगतो.

इ. स. ७११ पासून स्पेनच्या मोठ्या भागावर मुस्लिम सत्ता होती. उर्दूच्या तासाला तुम्ही कुर्तुबा आणि गरनाता ही नावे ऐकली असतील. तो हाच प्रदेश. १४९२ मध्ये गरनाताही पडले. पुढे तेथील मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. त्यांना 'मोरिस्को' म्हणत. १५६७ मध्ये राजा दुसरा फिलिप याने हुकूम काढला, की तीन वर्षांच्या आत या लोकांनी अरबी बोलणे, वाचणे आणि लिहिणे सोडावे. त्यांचा पोशाख आणि रीतिरिवाज यांवरही बंदी आली. १५६८ च्या अखेरीस बंड उसळले. १५६९ च्या जूनमध्ये फ्रिखिलियानाजवळच्या उंच खडकावर लढाई होऊन मोरिस्को हरले. अनेक मारले गेले, उरलेल्यांना गाव सोडावे लागले. १६०९ ते १६१४ या काळात तर साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आले.

माणसे गेली. पण शब्द? ते मात्र कोणाला घालवता आले नाहीत. शेताला पाणी नेणाऱ्या पाटाला तेथे 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द अरबी 'साकिया'पासून आला. तुमच्या उर्दूतला 'साकी' याच कुळातला. साखरेला 'आसुकार' म्हणतात. तुमची शक्कर आणि आमची साखर तिच्याच बहिणी. संत्र्याला 'नारांखा' म्हणतात. मूळ शब्द संस्कृत 'नारंग', तो फारसी आणि अरबीतून तेथे पोचला. ऊसही असाच आपल्या बाजूने प्रवास करीत तिकडे गेला. फ्रिखिलियानाच्या जुन्या साखर कारखान्यात आजही काकवी तयार होते आणि तळलेल्या वांग्यांवर ती घालून खातात. एवढेच काय, ज्या मऊ उशीवर आम्ही डोके टेकत होतो, तिचे स्पॅनिश नाव 'आल्मोआदा' हेही अरबीच! राजाने ज्या भाषेवर बंदी घातली, तिच्याच एका शब्दावर सारा देश रोज रात्री झोपतो.

हे ऐकून मामू एका पायरीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या लोकांच्या जिभेवर राजाने कुलूप घातले. माझ्या नातवंडांना तर कोणीच मनाई केली नाही. तरी त्यांना ना आपली कोकणी येते, ना उर्दू, ना मराठी. मी कामावरून थकून यायचो, त्यांच्याशी बोलायला वेळच नसायचा."

मला उत्तर सुचले नाही. त्या संध्याकाळी मात्र मामू तलावाकाठी शांत बसले. त्यांनी नातीला फोन लावला आणि पडवी, विहीर, आंब्याची अढी असे एकेक शब्द ते तिला सांगत राहिले. खरा आराम त्यांना तेव्हा मिळाला, असे मला वाटते.

निघताना हॉटेलातील बाई म्हणाल्या, "पुन्हा या." मामू सवयीने "इन्शाअल्लाह" म्हणाले. त्या हसून म्हणाल्या, "ओखाला!" म्हणजे 'तसे घडो'. या शब्दाचा उगमही अरबीच आहे, आणि त्यात अल्लाहचे नाव दडलेले आहे.

मुलांनो, तुमच्याजवळ घरची बोली आहे, शाळेची उर्दू आहे आणि या राज्याची मराठी आहे. मराठी शिकल्याने उर्दू कमी होत नाही. कागद, दुकान, जमीन, शहर, मेहनत हे शब्द दोन्ही घरांत सुखाने नांदतात. भाषा केवळ बंदीने मरत नाही. न बोलल्यानेही ती मरते. म्हणून आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा आणि तिच्याकडून असा एक शब्द मागून घ्या, जो तुमच्या कोणत्याच पुस्तकात नाही. तो वहीत लिहा आणि उद्या वर्गात सांगा.