हा पेपर कुठे मिळेल?

कार्ड कॅटलॉगच्या लाकडी खणातली पितळी सळई ओढली की कार्डं सुटी व्हायची. जास्त चाळलेल्या कार्डांचे वरचे कोपरे मळलेले असत. मुलांची ओढ कुठे आहे, ते न विचारता कळे. जुलैत नवी मुलं आली की आम्ही ग्रंथपाल एवढंच शिकवायचो: लेखक, शीर्षक, विषय, ड्यूईचा क्रमांक, मग मांडणी. पुस्तक हाती पडलं की आमचं काम संपलं. ते खरं बोलतं का, हे आम्ही कधी विचारलंच नाही. कपाटात आलंय म्हणजे कुणीतरी पारखलंच असणार!

'माहिती साक्षरता' ही कल्पना 1974 साली अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी मांडली. ते माहिती विकणाऱ्या उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते. (कोण बोलतंय ते आधी पाहावं, म्हणून सांगितलं.) पुढे 2000 साली तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांनी पाच मानकं ठरवली. माहितीची गरज ओळखा, शोधा, पारखा, वापरा, नीतीने वापरा. शिकवायला सोपी, परीक्षेत विचारायला त्याहून सोपी. 2016 मध्ये त्यांनीच ती मोडीत काढली आणि सहा सूत्रांचा आराखडा स्वीकारला. त्यातलं एक सूत्र म्हणतं, अधिकार संदर्भाप्रमाणे ठरतो. हे ऐकून आमच्या काही जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला ते पटलं. माणदेशातल्या दुष्काळावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला सरकारी अहवाल हवेतच. पण कुठली विहीर आधी आटली, हे तिथली म्हातारीच सांगणार. ती कुठल्या खणात सापडायची?

परवा एक मुलगा यादी घेऊन आला. "सर, हा पेपर कुठे मिळेल?" लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्याजोगं. खंड काढला, तर त्या पानांवर भलताच लेख. यादी चॅटजीपीटीची होती. मुलगा ओशाळला वगैरे नाही. पानं पुन्हा एकदा उलटून म्हणाला, "पण सर, मग याला हे लेखक ठाऊक कसे?"

असा प्रश्न आमच्या वेळी कुणी कॅटलॉगला विचारला नव्हता. मी खुर्ची ओढली. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्या विषयाचे प्रबंध उघडले आणि आम्ही एकेक संदर्भसूची ताडत गेलो. त्या लेखकाचा एक लेख मिळालाही, पण वेगळ्याच विषयावरचा. मुलगा म्हणाला, असू दे, वाचतो.