खिडकीची खोली



मागच्या लेखात लेकीच्या सिंगापूरच्या घराविषयी ओझरतं लिहिलं, तर बऱ्याच जणींनी एकच विचारलं. उतरलात कुठे, स्वस्त होतं का, आणि जैन माणसाची सोय होते का? हॉटेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांची चूक नव्हती, जी काही चूक होती ती माझी. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देणं बरोबर वाटत नाही, म्हणून आज सगळंच लिहिते.

लेक तिथे नोकरीला आहे. दोन मैत्रिणींबरोबर एका फ्लॅटमधल्या खोलीत राहते, आणि घरमालकाची अट अशी की पाहुणा रात्री थांबायचा नाही. तेव्हा हॉटेल आलंच. माझ्याबरोबर आत्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. "नात कुठं राहती, काय खाती, ते एकदा डोळ्यानं बघतो, मग मेलो तरी चालंल," असं म्हणत त्यांनी जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. यांना रजा नव्हती. म्हणून आम्ही दोघीच निघालो, पाच रात्रींसाठी.

हॉटेल शोधायचं काम माझं. सिंगापूरला खोल्या महाग, हे ऐकून होते, पण मोबाईलवर आकडे बघितले आणि पोटात गोळा आला. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. दिसतो तो भाव पुष्कळदा खरा भाव नसतो. पुढे दोन अधिकची चिन्हं असली तर त्याचा अर्थ वर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या सगळ्यावर पुन्हा नऊ टक्के जीएसटी. शंभर डॉलरची खोली एकशे वीसच्या घरात जाते. मी वही घेऊन बसले, सेरंगून रोडच्या आसपास, म्हणजे लिटल इंडियात, पंधरा-वीस हॉटेलं उतरवून काढली आणि त्यातली सगळ्यात स्वस्त, स्वच्छ दिसणारी खोली घेतली. फोटोत पांढरी चादर, दोन पलंग, भिंतीवर छान निळा पडदा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या प्रकारच्या खोलीला खिडकी नाही. मी ते वाचलं होतं. वाचून म्हटलं, आपण तिथे फक्त झोपायला जाणार, खिडकी कशाला? दिवसाला पंचवीस डॉलर वाचत होते, म्हणजे साधारण दीड हजार रुपये.

मी स्वतः रात्रीचं जेवण फक्त चातुर्मासात सोडते. बाकी आठ महिने आमच्या घरी सात-साडेसातला पानं घेतली जातात. आत्यांचं तसं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, त्यांचं ताट धुऊन पालथं पडलेलं असतं. घड्याळ त्या बघत नाहीत असं नाही, पण आधी मागच्या दारात जाऊन ऊन कुठपर्यंत गेलंय ते बघतात. तुळईची सावली न्हाणीच्या उंबऱ्याला लागली की बसायचं, हा त्यांचा हिशोब. हे मी सत्तावीस वर्षं रोज बघते आहे. तरीही खिडकी कशाला, असं मला वाटलं.

मुंबईहून रात्रीच्या विमानाने निघालो आणि सकाळी पोचलो. हॉटेलात दुपारी तीनशिवाय खोली मिळत नाही, म्हणून सामान काउंटरवर ठेवून बाहेर पडलो. आत्यांचं देवदर्शन बरोबर आणलेल्या छोट्या फोटोचं झालं, विमानतळावरच, बाकड्यावर बसून. मग कोमला विलासमध्ये इडली खाल्ली. सेरंगून रोडवरचं हे शुद्ध शाकाहारी हॉटेल 1947 पासूनचं आहे. सांबार मात्र आम्ही बाजूला ठेवलं, चटणीचीही चौकशी केली, आणि शेवटी इडली-दही यावर निभावलं. उकाडा म्हणाल तर आपल्या मे महिन्यातल्या कोकणासारखा. घाम वाळतच नाही. दुपारी एक जोरदार सर आली आणि दहा मिनिटांत पुन्हा ऊन.

तीनला खोली मिळाली. आत्यांनी आत पाऊल टाकल्या टाकल्या पडदा बाजूला सारला. मागे भिंत. नुसती रंगवलेली भिंत! त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि पडदा परत जागेवर ओढला.

का असतात अशा खोल्या, ते मला नंतर लेकीने समजावलं. त्या भागातली जुनी घरं रस्त्याला लागून, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी. दर्शनी बाजू अगदी अरुंद, आत मात्र लांबच लांब, आणि दोन्ही भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या. आपल्याकडच्या पेठेतल्या वाड्यांसारखंच म्हणा ना. पुढच्या आणि मागच्या खोल्यांना उजेड मिळतो. मधे पूर्वी आकाशाला उघडा चौक असायचा, त्यातून वारा-उजेड यायचा. अशा घरांचं हॉटेल केलं की मधल्या खोल्यांना खिडकी कुठून येणार? म्हणून त्या स्वस्त.

रात्रभर झोप नव्हती. आम्ही दोघीही आडव्या झालो. मला जाग आली तेव्हा मोबाईलमध्ये पावणेसात झाले होते. आत्या गाढ झोपेत. म्हटलं, आता काही त्यांचं जेवण होत नाही, उठवून काय करायचं, पडू दे. लेक ऑफिसमधून यायची होती. मी खाली गेले. ती आली, मग मायलेकी बोलत बसलो. सहा महिन्यांचं बोलायचं साठलं होतं. आठ वाजता वर आलो तर आत्या न्हाणीघरात चूळ भरत होत्या. टेबलावर दशम्यांचा डबा उघडा, ताटलीत शेंगाचटणीचा कण.

"काय गं, कुठं हुतीस? मी जेवून घेतलो," त्या म्हणाल्या. मग नातीला बघून चेहरा असा फुलला की काही विचारू नका.

लेकच पटकन बोलून गेली, "आजी, आत्ता? रात्रीचं?"

आत्यांनी मनगट पुढे केलं. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेलं किल्लीचं एचएमटी घड्याळ. त्यात साडेपाचला पाच कमी होते. सांगलीचे साडेपाच! मोबाईल आपोआप तिथल्या वेळेवर आला होता, ते घड्याळ कोण पुढे करणार? अडीच तासांचा फरक. आणि खोलीत दिवा दुपारी तीनला जसा जळत होता तसाच जळत होता.

आत्या पलंगावर बसल्या. "बाहेर अंधार पडलाय?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी डबा बंद केला. मग घड्याळ काढून पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि माळ घेतली. आम्हाला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला त्या रात्री कितीदा वाटलं. बावन्न वर्षांचा नेम माझ्या दीड हजार रुपयांपायी मोडला होता. व्रतात नकळत दोष लागला तर तो अतिचार, जाणूनबुजून मोडलं तर अनाचार, हे आपण सगळ्या शिबिरात शिकलोय. पण पुस्तकातली व्याख्या त्या वेळी कामाला येत नाही. मी रडले. आत्याच मला म्हणाल्या, "गप. न बघता जेवलो, चूक माझी हाय."

दुसऱ्या दिवशी उपवास करणार म्हणाल्या. त्या उकाड्यात, रक्तदाबाची गोळी चालू असताना! लेक आणि मी दोघी हात जोडून बसलो, तेव्हा एकाशनावर आल्या.

आणि मी सकाळी काउंटरवर जाऊन खोली बदलून घेतली. तिथली मुलगी भली होती. मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरची एक खोली होती, तेच पंचवीस डॉलर रोजचे जास्त. खिडकी म्हणजे काय, समोर दुसऱ्या इमारतीची मागची बाजू, एसीची खोकी, वाळत घातलेले कपडे. पण मान उजवीकडे वाकवली की हातभर आभाळ दिसायचं. आत्यांनी लगेच तिथे खुर्ची ओढली. दोन दिवसांत त्यांनी हिशोबही बसवला. पलीकडच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून ऊन उतरलं की बसायचं.

सिंगापूर विषुववृत्ताला अगदी लागून आहे, म्हणून तिथे दिवस बारा महिने जवळजवळ सारखाच. सूर्य सकाळी सातच्या सुमाराला उगवतो, संध्याकाळी सातच्या सुमाराला मावळतो, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. नेम पाळणाऱ्यांना एका अर्थी सोपंच. सहाच्या आत जेवून घ्यायचं आणि सकाळी सव्वाआठपर्यंत थांबायचं. मात्र लांबलचक संधिकाळाची सवलत तिथेही नाही, सूर्य बुडाला की बघता बघता काळोख होतो.

बाकीच्या सोयींबद्दल थोडं. खोलीत पाणी तापवायची विजेची किटली असते, पण तिच्यात आधीच्या माणसाने काय उकडलं असेल सांगता येत नाही. मी आमची छोटी किटली, गाळणं आणि पाण्याचं फडकं बरोबर नेलं होतं. तिथले प्लग चपट्या तीन दांड्यांचे, आपली पिन बसत नाही, तेव्हा अडॅप्टर घरूनच न्या. फडकं रोज वाळवायचं, तेही खिडकी असली तरच वाळतं. पहिल्या खोलीत सकाळपर्यंत ते ओलंच होतं आणि वास मारत होतं.

मुंग्या तर येणारच, एवढ्या दमट हवेत. टेबलावर साखरेच्या पुड्या ठेवतात, त्यावर बारीक रांग लागली. सफाईचा मुलगा फवारा घेऊन आला तर आत्या दारातच आडव्या. मराठीतच त्याला सांगितलं, "बाबा, मारू नकोस, मी काढतो." त्याला काय कळलं देव जाणे, पण हसून गेला. आत्यांनी साखरेच्या पुड्या उचलून जिन्याच्या कोपऱ्यातल्या कुंडीत ठेवल्या आणि तासाभरात रांग तिकडे वळली. त्यानंतर तो मुलगा रोज खोलीत साखर ठेवायचाच नाही.

एक गंमत सांगते. चिनी बौद्ध लोकांची शाकाहारी हॉटेलं तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच लोक कांदा-लसूणही खात नाहीत. मिडल रोडवरच्या फॉर्च्यून सेंटरमध्ये अशी दुकानं आहेत. आत्यांना ऐकून फार बरं वाटलं. मग समोर सोयाबीनचं, पण हुबेहूब बदकासारखं दिसणारं काहीतरी आलं, आणि आम्ही दोघी ताट तसंच ठेवून उठलो. दिसायला तरी कशाला हवं तसं? शिवाय त्यांच्यात मश्रूम आणि कंद चालतात. पोटाचं म्हणाल तर दशम्या, दही-भात आणि टेक्का मार्केटमधली फळं यावर पाच दिवस उत्तम निघाले. जालान यासिन नावाच्या रस्त्यावर तिथल्या जैन समाजाची वास्तू आहे, तिथेही एकदा जाऊन आलो. लिटल इंडियापासून ते लांब पडतं, रोज जाण्यासारखं नाही.

परत आल्यावर पहिल्या चतुर्दशीला आम्ही माताजींच्या दर्शनाला गेलो. आत्यांनी सगळं सांगितलं. घड्याळ मागं होतं, मी बघितलं नाही, जेवलो. खोलीला खिडकी नव्हती हे त्यांनी सांगितलंच नाही. माताजींनी त्यांना तीन एकाशनं आणि णमोकाराच्या माळा सांगितल्या. आत्या उठायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "माताजी, थोडं माझंही ऐकायचं आहे."

आत्यांनी माझा हात धरून खाली ओढला, आणि मग सोडला.