खडूचे गोल

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मामाची होडी सिद्धेश्वर धरणाच्या काठावर पालथी घातली. वीस फुटांची फायबरची होडी. उलटी करायला सहा माणसं लागली. तिचं बूड वर आलं आणि पाच वर्षांपूर्वीचं माझं काम सगळ्यांसमोर उघडं पडलं. निळ्या रंगाचे पापुद्रे लोंबत होते. खाली भरलेली लांबी कुठे फुगली होती, कुठे खपली निघावी तशी निघून गेली होती. मामा काही बोलला नाही. पाच वर्षांत तो त्याबद्दल एकदाही बोलला नव्हता, आणि तेच मला जड जात होतं.

माझं हिंगोलीत गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. 1 मे 1999 ला हिंगोली परभणीतून वेगळा जिल्हा झाला, त्या उन्हाळ्यात मी पंधरा वर्षांचा होतो आणि उस्तादांच्या हाताखाली पॉलिश पेपर भिजवत होतो. तेव्हापासून हात याच कामात आहे. म्हणून मामाने पाच वर्षांपूर्वी, "होडीला जरा रंग मारून दे," म्हटलं तेव्हा मी गाडीला करतो तेच केलं. वरवर घासलं, खड्ड्यांत लांबी भरली, गाडीचा रंग मारला. दोन दिवसांत होडी चकचकीत झाली. एका पावसाळ्यात फोड आले.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. गाडीच्या लांबीत शंखजिऱ्याची पूड भरपूर असते. घासायला ती मऊ असते म्हणून आम्हाला आवडते, पण पाणी पिते. गाडीवर पाऊस पडतो आणि ओघळून जातो. होडी दिवस-दिवस पाण्यातच बसलेली असते. रंगाला केसाएवढी चीर पडली की तिथून लांबी पाणी ओढत राहते, फुगते आणि रंगाला वर ढकलते.

आमचं आजोळ भोयांचं. पूर्णेवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं 1968 मध्ये पुरी झाली. त्याआधी आजोबा नदीच्या डोहांत जाळं टाकायचे. पुढे मामाचं सगळं आयुष्य या जलाशयावर गेलं. पत्र्याचा डोंगा झाला, थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळी लावणं झालं. मग केव्हातरी जुनी का होईना, ही फायबरची होडी आली. रोहू, कटला, मृगल जे काही घरी येतं ते तिच्यातून येतं. तिला मी बिघडवून ठेवलं होतं.

यंदा मी आधी रत्नागिरीला जाऊन आलो. मिरकरवाड्याच्या बंदरात फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका वयस्कर कारागिराजवळ दोन दिवस बसलो. त्यांनी मला पहिल्यांदा रंगाबद्दल काहीच सांगितलं नाही. हातात लाकडी मुठीची हातोडी दिली आणि म्हणाले, "मूठ उलटी धरा आणि बूड वाजवत जा."

उन्हाळ्यात आपण माठ घेताना बोटाने वाजवून बघतो, तसंच हे. काचेच्या धाग्याचे थर राळेत घट्ट बसलेले असले की टणक, स्वच्छ आवाज येतो. थर सुटले असतील, आत पाणी शिरलं असेल, तर बद्द वाजतं. सिद्धेश्वरला परतल्यावर मी पहिला दिवस नुसता वाजवण्यात घालवला. जिथे बद्द वाजलं तिथे खडूने गोल. मामाही शेवटी हातोडी घेऊन दुसऱ्या बाजूला बसला. त्याचा कान माझ्यापेक्षा तयार निघाला. मी सोडून दिलेल्या दोन जागा त्याने धरल्या. संध्याकाळपर्यंत सतरा गोल झाले.

मग धुणं. फायबरला घासायच्या आधी धुवायचं, हा क्रम मोडून चालत नाही. बुडावर डिझेलचा ओशटपणा असतो, माशांची चरबी असते. तशीच घासली तर पेपरचे ओरखडे ती चरबी आत घेऊन बसतात आणि वरचा कुठलाच थर धरत नाही. आधी साबणाने धुतलं, मग थिनर: एका हातात ओला बोळा, दुसऱ्या हातात कोरडा, ओल्याने सोडवायचं आणि वाळायच्या आत कोरड्याने उचलायचं. शेवटी साधं पाणी ओतून पाहायचं. पाणी थेंबाथेंबांत तुटलं तर ओशटपणा बाकी आहे. अखंड पातळ पडदा धरून उतरलं तर पृष्ठभाग साफ.

जुना रंग आणि माझी लांबी खरवडून काढायला चार दिवस गेले. एक कण ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. खाली मूळ जेलकोट लागला, होडीची कातडीच ती. तिला बारीक फोड होते. एक फोड पटाशीच्या टोकाने उघडला तर आतून चिकट पाणी आलं आणि सिरक्यासारखा आंबट वास. कारागिरांनी सांगितलं होतं तेच. जेलकोटमधून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आत राळेतले काही घटक विरघळवतं आणि त्या आंबट पाण्याचा दाब फोड उचलतो. असे फोड वरून लिंपून टाकणं म्हणजे जखमेत पू ठेवून पट्टी बांधणं. प्रत्येक फोड उघडला, घट्ट काचेपर्यंत घासला, बशीसारखा उताराचा केला, आणि गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला.

या घासण्यात काचेची भुकटी उडते. पूर्ण बाह्या, चष्मा आणि फिल्टरचा मास्क याशिवाय कुणी जवळ यायचं नाही, असा दंडक मी घातला. मामाचा नातू रुमाल बांधून आला तर त्याला परत पाठवलं. तो रुसला, पण फुप्फुसात गेलेली काच परत येत नाही.

पुढचे तीन आठवडे होडीला हात लावला नाही. ती नुसती वाळत पडली. कोकणातल्या कारागिराला दमट हवेत ज्यासाठी कितीतरी थांबावं लागतं, ते आमच्या उन्हाने मला फुकट दिलं. पारा 43 च्या घरात, हवा कोरडी ठक्क. माझा गॅरेजचा धंदा त्या उन्हाने रखडतो, पण त्या महिन्यात मी त्याचे उपकार मानले. मधून मधून प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारी बाजूंनी टेपने बुडावर चिकटवायचा आणि दुसऱ्या सकाळी आत दव धरलंय का ते बघायचं. तिसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिक आतून कोरडं निघालं.

भरायला या वेळी इपॉक्सी आणली. होडीच्या जुन्या पॉलिएस्टर राळेवर इपॉक्सी उत्तम बसते. इपॉक्सीवर पॉलिएस्टर मात्र नीट धरत नाही, म्हणून एकदा इकडे वळलं की परत फिरायचं नाही. खोल जागी विणलेल्या काचकापडाचे तुकडे, लहानमोठे, एकावर एक. वरून सपाटीसाठी इपॉक्सीत काचेचे पोकळ सूक्ष्म मणी कालवून केलेलं भरण, चक्क्यासारखं घट्ट, उलथण्यावरून न ओघळणारं. मिश्रण वजनकाट्यावर मोजून. पहिल्या दिवशी मी सकाळी दहाला मगभर कालवलं आणि बोलत उभा राहिलो. पाच-सात मिनिटांत मग हाताला चटका देऊ लागला, धूर निघाला, आत दगड झाला. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते. खोल भांड्यात ती कोंडली की स्वतःलाच पेटवते. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला काम, थोडं थोडं मिश्रण, आणि तेही पसरट ताटात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

गाडीचा पॅनेल आम्ही वीतभर ठोकळ्याने घासतो आणि तळहाताने तपासतो. होडीचं बूड मी तसंच घासलं. हात फिरवला, लोण्यासारखं लागलं. संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि बुडावर लाटा दिसल्या. गुळगुळीत होतं, पण सरळ नव्हतं. छोटा ठोकळा उंचवट्यावर चढतो, खड्ड्यात उतरतो आणि दोन्ही सारखेच गुळगुळीत करतो. गवंडी गिलावा थापीने करतो, पण सरळ करतो पट्टीने. तसं इथे लांब फळी हवी. सहा मिलिमीटर प्लायवूडची अडीच फुटांची पट्टी कापली, दोन टोकांना मुठी ठोकल्या, खाली 80 नंबरचा पेपर डकवला. ती किंचित वाकते, बुडाच्या गोलाईशी जुळते, पण खड्ड्यात उतरत नाही. वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि फळी तिरकी चालवायची, आधी एका कर्णाने, मग दुसऱ्या. उंचवट्यावरचा काळा जातो, खड्ड्यातला राहतो. तिथे भरायचं, वाळू द्यायचं, परत फवारा, परत फळी.

"काहून एवढं घासायलास?" मामा एकदा म्हणाला. "मासे काय बूड बघून येतेत व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. पण डाव्या कुशीला, मध्याच्या जरा मागे, एक काळा पट्टा जाईना. दोनदा भरला. तिसऱ्यांदाही फळीखाली तो तसाच राहिला, आडवा, सरळ रेषेत. तेव्हा मी थांबलो. अंगठ्याने दाबलं तर बूड आत जात होतं, सोडलं की परत येत होतं. फळी दाबून चालवली की तो भाग खाली वाके, घासलाच जात नसे. वाजवताना तो आम्हा दोघांच्या कानातून सुटला होता, कारण थर शाबूत होते. सैल झालं होतं ते आतून.

होडी पुन्हा सुलटी केली. आतली आडवी फासळी लाकडावर फायबर मढवून केलेली होती. मढवण बुडापासून सुटलं होतं आणि आतलं लाकूड कुजून भुसा झालं होतं. लाटेच्या प्रत्येक धक्क्याला बूड तिथे दुमडत होतं. दोन-तीन पावसाळ्यांत ते तिथूनच फाटलं असतं, भर पाण्यात, पोरं आत असताना. मामा बराच वेळ त्या भुशाकडे बघत बसला. मग उठला, हात झाडले आणि नवी फासळी बसवायला सागवानाची पट्टी कुठून आणायची ते सांगायला लागला. मासे बूड बघतात का, हे त्याने परत विचारलं नाही.

फासळी बसली, त्यानंतर काळा पट्टा दोन फेऱ्यांत गेला.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खालचं काम झालं की रंग सोपा असतो. पहाटे होडीभोवती मामीने सडा घातला, धूळ बसली, जमीन सुकत आली आणि ऊन चढायच्या आत मी थर मारून घेतला. इपॉक्सी प्रायमरचे दोन थर, 320 ने हलकं घासून पाण्याबाहेरच्या भागाला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, पाण्याखाली इपॉक्सीच. समुद्रात बुडाला शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग लावतात, आपल्या गोड्या पाण्यात त्याची गरज नाही. शेवाळ धरतं ते खराट्याने निघतं. पीयूच्या हार्डनरची वाफ मात्र छातीला वाईट, तिथे धुळीचा मास्क चालत नाही, कार्ट्रिजचाच लागतो. रंग मामाने निवडला, आधीचाच निळा.

मृगाच्या आधी होडी पाण्यात गेली. दिवाळीला मी आजोळी गेलो तेव्हा ती काठावर पालथी ठेवलेली होती. फोड एकही नव्हता. मी हात फिरवत नाळेकडे गेलो, तिथे दगडाला घासून थोडा रंग उडाला होता. मामाने त्या जागी आधीच खडूने तीन गोल करून ठेवले होते.

"आधी हे वाजवून बघ," तो म्हणाला आणि हातोडी आणायला घरात गेला.