नेम शिकवणारे शेजारी

नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनला आलो आणि शेजारच्या निवृत्त सुताराशी सूत जमले. माझी मुले त्यांना आजोबाच म्हणत. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम जवळ आला की संध्याकाळी मी त्यांच्या गॅरेजमध्ये हजर.

त्यांची रायफल थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची. ते काडतूस 1906 साली आलेले. नळीतून सुटताना गोळीत साधारण 3,800 ज्यूल ऊर्जा असते. मी इंजिनिअर, आकडेमोडीत रमायचो. आजोबा म्हणायचे, "हरणाला एवढी रगड झाली. ती खर्च कुठे होते ते बघ."

हरणाच्या पलीकडच्या कातडीखाली सापडलेली एक गोळी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली होती. पुढचे तांब्याचे कवच पाकळ्यांसारखे मागे वळलेले, शिसे पसरून जवळजवळ दुप्पट रुंद झालेले, बूड मात्र शाबूत. गोळी अशीच हवी. कवच शेंड्यापर्यंत बंद असले तर बारीक भोक पाडून ती आरपार जाते आणि जनावर लांबवर पळते. कवच फार पातळ असले तर खांद्याच्या हाडावरच तिचे तुकडे होतात, फुप्फुसापर्यंत पोचतच नाही.

पण त्यांचा खरा कटाक्ष जागेवर. हरीण आडवे उभे असावे, नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या भागात. तिथे हृदय आणि फुप्फुसे. जनावर आपल्याकडे तोंड करून तिरके उभे असेल तर चापावरून बोट काढायचे. बार झाल्यावर आधी रक्त पाहायचे. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसात लागली. हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोटात. मग काही तास मागावर जायचे नाही, नाहीतर जखमी जनावर उठून आणखी दूर जाते.

हे ऐकताना मला शिकारी-लेखक जिम कॉर्बेटची चंपावतची वाघीण आठवे. 1907 मध्ये त्याने तिला मारले, तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे तुटलेले आढळले. जुन्या गोळीची ती जखम, आणि त्यामुळेच ती नरभक्षक झाली, असे त्याने लिहिले आहे. तिच्या नावावर 436 बळी नोंदले गेले. कुणा अनामिकाचा नेम चुकला, त्याची भरपाई गावोगावच्या माणसांनी केली.

आजोबा आता नाहीत. त्यांचे ऋण फिटणारे नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या नवशिक्यांना काडतुसाआधी मी हरणाच्या छातीचे चित्र दाखवतो. ज्याला नेमकी जागा दिसत नाही, त्याने चाप ओढू नये.