शंभर गुणांची जागा

माझ्या भाचीला संस्कृत आवडतं आणि गणितही. नुसते मार्क पडतात म्हणून नव्हे. अवघड संधी सुटला की तिचा चेहरा उजळतो, आणि भूमितीतली सिद्धता जमली की तसाच. दहावीचा निकाल लागल्यापासून मात्र घरात एकच घोष आहे : सायन्स घे, पुढे कुठेही जाता येतं.

वाट राहते, हे खरंच. बारावी सायन्सनंतर बी.ए.ला जाता येतं. पण तोवर संस्कृतचं काय होतं? अकरावीत इंग्रजी सक्तीची, आणि दुसऱ्या भाषेची शंभर गुणांची जागा. तिथे मराठी, संस्कृत घेता येतं, आणि त्याऐवजी आयटीही. आयटी ‘स्कोअरिंग’, म्हणून कितीतरी मुलं भाषा तिथेच सोडतात. पंधराव्या वर्षी सुटलेली भाषा विसाव्या वर्षी पुन्हा हाती धरणं फार कष्टाचं असतं. मला त्या शंभर गुणांची फार काळजी वाटते.

उलट बाजूही पाहावी. बोर्डाच्या गणिताच्या पुस्तकावर कला आणि विज्ञान अशी दोन्ही शाखांची नावं आहेत. म्हणजे आर्ट्सच्या मुलीलाही तेच गणित शिकता येतं, फक्त कॉलेजनं तो विषय ठेवलेला हवा. बोर्डानं दार उघडं ठेवलंय, ते लावलं जातं वेळापत्रकात.

अशा वेळी मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणिती. चलनात फिरता फिरता नाणं झिजतं, त्याचं वजन घटतं. एवढ्या धाग्यावर त्यांनी तक्षशिलेची प्राचीन चांदीची नाणी तोलली आणि संख्याशास्त्रानं त्यांचा काळक्रम लावला. आणि याच माणसानं शेकडो हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८मध्ये सिद्ध केली. त्यांच्या घरात वडिलांचं पालीचं ज्ञान नांदत होतं. ज्या घरात असं काही नाही, तिथल्या मुलीला ते कॉलेजातच मिळायला हवं.

म्हणून मी भाचीला म्हटलं, कटऑफ नंतर बघू. आधी कॉलेजात जाऊन विचार, सायन्सच्या मुलांना संस्कृतचा तास खरोखर होतो का? शिकवायला कोण आहे? की क्लासशी ‘इंटिग्रेटेड’ करून नुसती हजेरीच लागते? माहितीपत्रकात छापलेला विषय आणि वर्गात शिकवला जाणारा विषय यांत पुष्कळ अंतर असतं.

ती विचारून आली. घराजवळच्या कॉलेजात पुरेशी मुलं नसल्यानं संस्कृत बंद झालंय. दुसऱ्या एका ठिकाणी सायन्सच्या मुलांसाठी सकाळी पहिलाच तास संस्कृतचा असतो, आणि बाई मुलांकडून श्लोकांचा अन्वय करून घेतात. तिनं पसंतीक्रमात तेच पहिलं लिहिलंय. ताईला लोकलच्या गर्दीची धास्ती वाटते, आणि ती वाटणारच. तरी या तासासाठी रोज तेवढा प्रवास करावा, असंच माझं मत आहे, आणि मी ते ताईला स्पष्ट सांगितलंय.