बर्फ, ताप आणि तळेगाव चौक

बंद पडलेल्या हृदयाचे ठोके परत सुरू झाले की नातेवाइकांना वाटतं, सुटलो. आयसीयूची खरी कसोटी तिथून पुढे. रक्ताविना राहिलेला मेंदू रक्त परत आल्यावरही काही काळ बिघडत राहतो.

*

२००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. एक युरोपातला, दुसरा मेलबर्नचा, तोही अवघ्या ७७ रुग्णांचा. बेशुद्ध रुग्णाचं अंग ३३ अंशांच्या आसपास थंड ठेवलं तर जास्त जण धड घरी जातात, असा दोन्हींचा निष्कर्ष. मग जगभर बर्फाच्या पिशव्या आणि गार सलाइन.

*

मग आला २०२१चा अभ्यास, १४ देशांतला, १,८००हून अधिक रुग्णांचा. एका गटाला ३३ अंशांवर नेलं, दुसऱ्याचा फक्त ताप आवरला. सहा महिन्यांनी दोन्हीकडे साधारण निम्मे दगावलेले. थंड केलेल्यांत हृदयाची लय बिघडण्याचा त्रास मात्र जास्त. मला हा निकाल आवडतो. अर्थात ताप आवरणं म्हणजे नुसती पॅरासिटामॉलची गोळी नव्हे. त्या गटातही बऱ्याच जणांना थंड करणारं यंत्र लावावं लागलं होतं.

*

पण एक आकडा खुपतो. त्या अभ्यासातल्या रुग्णांपैकी दहातल्या आठांना जवळच्याच कुणीतरी सीपीआर द्यायला घेतला होता. आपल्याकडे शॉपफ्लोअरवर माणूस कोसळला की आधी ‘पाणी आणा’, मग कुणीतरी कांदा हुंगवतो, मग सुपरवायझरच्या गाडीत घालायची घाई. महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिकेची सेवा २०१४पासून आहे. पण शिफ्ट सुटताना कोंडलेल्या तळेगाव चौकातून वाट काढायची तिलाही. रक्ताविना मेंदूला चार-पाच मिनिटंही जड जातात. तेव्हा कंपनीच्या गेटवर डिफिब्रिलेटर आणि तो चालवायला शिकलेले चार ऑपरेटर, हे मला आयसीयूतल्या महागड्या यंत्राआधी हवं.

*

आयसीयूबाहेर नातेवाइकांचा प्रश्न एकच: “डोळे कधी उघडणार?” निदान तीन दिवस तरी याचं ठाम उत्तर मागू नये. गुंगीची औषधं उतरायला वेळ लागतो. त्याआधी आशा सोडणं घाईचं. बुबुळं, ईईजी, स्कॅन असं सगळं जुळवून मगच डॉक्टर बोलतात. व्हेंटिलेटरचं बिल मात्र रोज वाढतं, ते थांबत नाही.

*

२०२१च्या अभ्यासात हृदयाच्या दुखण्याने किंवा अज्ञात कारणाने कोसळलेलेच घेतले होते. शॉक लागलेला आपला वायरमन त्यात बसतच नाही. त्याच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद, मगच अंगाला हात.